नवख्यांसाठी डॉक्युमेंटेशन कसं लिहावं? (चाळीस पानं लिहून तोंडावर पडलोय)

चिंचोका – रवि, रात्री १०:१२

मंडळी,

गेली तीन वर्षं मी आणि दोन मित्र फावल्या वेळात एक छोटं मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) सॉफ्टवेअर सांभाळतोय. नाव देत नाही, नाहीतर जाहिरात म्हणून धागा उडायचा. काम एवढंच: जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांचे फोटो द्यायचे, आत टेसरॅक्ट (फोटोतली अक्षरं ओळखणारा मुक्त प्रोग्रॅम) ते वाचतं आणि युनिकोड मजकूर बाहेर येतो. खरी मेहनत टेसरॅक्टची. आम्ही पान सरळ करणं, कडा कापणं, शंभर पानं एकदम देता येणं अशा वरवरच्या सोयी केल्यात.

वापरणारे म्हणजे लहान वाचनालयांचे ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक, घरातली जुनी मासिकं जपणारे लोक. त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत बसून चाळीस पानांची पुस्तिका लिहिली. मराठीत. अनुक्रमणिका, परिशिष्ट, काही म्हणून कमी ठेवलं नाही. बायको म्हणाली, पीएचडी करतोयस का.

गेल्या महिन्यात अकरा मेल आल्या. त्यातल्या नऊ "इन्स्टॉल होत नाही" अशा. त्याचं उत्तर पुस्तिकेत आहे! शेवटी एका ग्रंथपाल बाईंना फोन लावून विचारलं, पुस्तिका वाचलीत का? म्हणाल्या, "वाचली हो, छान आहे. पण आता काय करू?"

तर माझा प्रश्न हाच. अजून लिहू, कमी लिहू, व्हिडिओ करू, की नाद सोडू?

---

टर्मिनलेश – रवि, रात्री १०:३१

इन्स्टॉल कसं करायचं ते कितव्या पानावर आहे?

---

चिंचोका – रवि, रात्री १०:३४

सातव्या.

---

टर्मिनलेश – रवि, रात्री १०:३५

आणि पहिल्या सहांत?

---

चिंचोका – रवि, रात्री १०:४०

मनोगत, मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, टेसरॅक्टचा इतिहास, परवाना, वैशिष्ट्यं, ऋणनिर्देश.

---

नाशिकची मिरची – रवि, रात्री १०:४४

पाहुणा दारात तहानलेला उभा आहे आणि तुम्ही त्याला विहीर कुणी खणली ते सांगताय.

---

चिंचोका – रवि, रात्री १०:५२

पण इतिहास खरंच रंजक आहे हो! ह्युलेट-पॅकार्डने १९८५ ते १९९४ या काळात ते बनवलं, मग दहाएक वर्षं तसंच पडून राहिलं. २००५ मध्ये खुलं केलं, २००६ पासून गूगलने हात दिला. २०१८ मध्ये चौथी आवृत्ती आली, तिच्यात न्यूरल नेटवर्क आलं...

---

नाशिकची मिरची – रवि, रात्री १०:५५

रंजक आहे. पान ४१ वर टाका.

---

पळसपान – सोम, सकाळी ८:२०

माझं पोटच या धंद्यावर चालतं (पुण्यात टेक्निकल रायटर, बारा वर्षं), म्हणून जरा सविस्तर.

चिंचोका, तुमचा दोष लांबीत नाही. चार वेगळी कामं तुम्ही एकाच पुस्तिकेत कोंबलीत. डॅनिएले प्रोचिदा नावाच्या गृहस्थांनी याची मांडणी केली आहे, तिला डायटॅक्सिस म्हणतात. त्यांच्या चार प्रकारांना मी माझ्या सोयीने धडा, कृती, कोश आणि विवेचन म्हणते. धडा नवख्यासाठी: हात धरून न्यायचं, शेवटी काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे. कृती ही अडलेल्यासाठी: "पानाच्या कडा काळ्या येतात, काय करू?" कोश म्हणजे सगळ्या पर्यायांची कोरडी यादी, तो ज्याला माहीत आहे तो उघडतो. आणि विवेचन म्हणजे तुमचा तो १९८५ चा इतिहास, रात्री निवांत वाचायचा.

घोळ कुठे होतो? धडा लिहिता लिहिता लेखकाला राहवत नाही. "इथे पान वाचण्याच्या पद्धतीचा आकडा ० पासून १३ पर्यंत देता येतो, प्रत्येकाचा अर्थ असा..." झालं! धड्यातून कोशात घसरलो. नवख्याला चौदा पर्याय नको असतात, एकच चालणारा हवा असतो. जँगोचं (वेबसाइटी बनवायच्या एका मुक्त साधनाचं) पाहा. त्यांच्या धड्यात एक साधं मतदानाचं ॲप बनवून घेतात. कुणाला मतदानाचं ॲप हवं असतं म्हणून नाही. पण ते शेवटपर्यंत चालतं.

आणि नाद सोडू नका. गिटहबने (जिथे असे प्रकल्प आपला कोड ठेवतात ते संकेतस्थळ) २०१७ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची पाहणी केली होती. डॉक्युमेंटेशन अर्धवट किंवा जुनं असतं ही तक्रार ९३ टक्के लोकांची. आणि योगदान देणाऱ्यांतले ६० टक्के म्हणाले की आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचित हात लावतो किंवा कधीच नाही. तुम्ही निदान हात तरी लावलात.

---

बंड्या_थर्ड_इयर – सोम, सकाळी ९:०५

पळसपान ताई, वाचनखूण साठवली. आम्हाला कॉलेजात सांगतात की योगदानाची सुरुवात डॉक्युमेंटेशनपासून करा, सोपं असतं.

---

टर्मिनलेश – सोम, सकाळी ९:३०

@बंड्या: सोपं असतं म्हणूनच २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात मुक्त प्रकल्पांना बदल पाठवा, टीशर्ट मिळवा असा उपक्रम) टीशर्टसाठी लोकांनी भलभलत्या प्रकल्पांच्या रीडमीत (ओळख करून देणाऱ्या फाइलीत) "ऑसम प्रोजेक्ट" असे शब्द घुसवून पाठवले होते. सांभाळणारे इतके पिडले की ऐन महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाला सहभागी व्हायचंय त्याने तसं आधी सांगायचं.

---

बंड्या_थर्ड_इयर – सोम, सकाळी ९:३३

मी तेव्हा दहावीत होतो. :)

---

जुनाट खोड – सोम, दुपारी १:१५

प्रवाहाविरुद्ध बोलतो, सवय आहे.

इतके लाड का? युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. प्रत्येक आज्ञेला नाव, वापर, वर्णन आणि हो, दोषसुद्धा. "बग्स" असा चक्क एक रकाना असायचा. आम्ही तीच मॅन पेजेस (मॅन्युअलची पानं) वाचून शिकलो. दहा वेळा वाचावं लागलं, पण जे कळलं ते कायमचं. आज पहिल्या ओळीला अडलं की लगेच मेल. नऊ जणांनी सातवं पान उघडण्याचे कष्ट घेतले नाहीत, यात चिंचोकांचा काय दोष? घास भरवायची सवय लागली की माणूस स्वतःच्या हाताने जेवत नाही.

---

टर्मिनलेश – सोम, दुपारी १:२२

खोडकाका, व्हिम नावाच्या मजकूर-संपादकातून बाहेर कसं पडायचं हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा (प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा) प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला होता. त्यात तुमच्या किती भेटी?

---

जुनाट खोड – सोम, दुपारी १:३०

एकही नाही. मी दुसऱ्या संपादकाचा, इमॅक्सवाला.

---

नाशिकची मिरची – सोम, दुपारी १:३१

म्हणजे बाहेर पडायचा प्रश्नच नाही.

---

खडूफळा – सोम, रात्री ९:४८

मी निवृत्त शिक्षक आहे, जिल्हा परिषद शाळा, छत्तीस वर्षं. तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिता तो प्राणी म्हणजे मी. खोडसाहेबांचा मुद्दा मला मान्य नाही, का ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं. त्याच टेसरॅक्टसाठी. एका सूचनापत्रकात लिहिलं होतं, "फक्त पुढील आज्ञा चालवा." आज्ञेच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह होतं. मी डॉलरसकट उतरवली. चूक आली. पुन्हा उतरवली, पुन्हा चूक. तो डॉलर म्हणजे संगणकाने "बोला" म्हणायची खूण आहे, ती आपण टंकायची नाही, हे मला तीन दिवसांनी भाच्याने फोनवर सांगितलं. तीन दिवस मी समजत होतो की हे पैसे मागतंय.

पुढे पासवर्ड विचारला. मी टंकतोय आणि पडद्यावर काहीच उमटेना. ठिपकेसुद्धा नाहीत. मला वाटलं कीबोर्ड गेला. कीबोर्ड पुसला, उलटा करून झटकला, त्यातून शेव निघाली. शेवटी बाजारात जाऊन नवा आणला, साडेचारशे रुपये. नव्यावरही उमटेना! तिथे पासवर्ड दिसत नाही, आंधळेपणाने टंकून एंटर मारायचं, एवढं एक वाक्य त्या पत्रकात नव्हतं.

आता सांगा, हे मी कुठल्या पानावर वाचायला हवं होतं? ज्याने लिहिलं त्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगायचं असतं हेच त्याला आठवत नाही.

शाळेत मी एक खेळ घ्यायचो. एका मुलाने चहाची कृती लिहायची, दुसऱ्याने ती वाचून जशीच्या तशी करून दाखवायची, भांडी खोटी. "पातेल्यात पाणी ओता" लिहिलं असेल पण गॅस पेटवायचा लिहिलं नसेल तर पेटवायचा नाही. वर्ग हसून लोळायचा, आणि लिहिणारा पोरगा चिडून ओरडायचा, "अरे ते कळतंच ना!" चिंचोका, तुमची पुस्तिका मला पाठवा. त्यात "फक्त", "सहज", "अर्थातच" किती वेळा आहे ते लाल शाईने मोजून देतो.

---

जुनाट खोड – सोम, रात्री १०:१०

गुरुजी, शेव निघाली तिथेच मी शस्त्रं टाकली. डॉलरचा मुद्दा मान्य. पण एवढं तरी माना की वाचणाऱ्याचंही काही कर्तव्य असतं.

---

खडूफळा – सोम, रात्री १०:१९

असतं. पण आधी त्याला चहा मिळू द्या.

---

पळसपान – मंगळ, सकाळी ७:५०

गुरुजींच्या "अरे ते कळतंच ना" वरून आठवलं. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला होता. एकाने प्रसिद्ध गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन.

घरी करून पाहा, गणपतीच्या आरतीवर. वाजवणाऱ्याच्या डोक्यात झांजा, टाळ, घंटा सगळं चालू असतं आणि समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते.

---

ओसरी – मंगळ, सकाळी ११:४०

एक जवळचंच उदाहरण. पवईत आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसकट भारतीय भाषांत. मी विद्यार्थिदशेत मराठी आवाजाच्या कामात थोडी लुडबुड केली होती.

तिथली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे आधी संहिता लिहितात आणि ध्वनिमुद्रणाआधी ती जाणकाराकडून तपासतातच, शिवाय नवख्याकडूनही तपासून घेतात. त्याला "नॉव्हिस चेक" म्हणतात. ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही अशा माणसाने संहितेबरहुकूम करून पाहायचं. तो अडला की संहिता बदलायची. गुरुजींचा चहाचा खेळच!

दुसरं, तिथे शेजारी-शेजारी पद्धत आहे. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर खरं सॉफ्टवेअर. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, करायचं. आणि तिसरं, आवाज मराठी असला तरी पडद्यावरचं सगळं इंग्रजीतच ठेवलेलं. सुरुवातीला मला ते खटकायचं. नंतर पटलं, कारण शिकणाऱ्याच्या पुढ्यातला मेनूही इंग्रजीच असतो.

---

शब्दवेल्हाळ – मंगळ, दुपारी ३:०२

इथेच तर मराठीचं अडतं! मेनू इंग्रजी म्हणून पुस्तिका इंग्रजाळलेली, आणि पुस्तिका इंग्रजाळलेली म्हणून मेनू कधीच मराठी होत नाही. फाइलला धारिका, फोल्डरला संचयिका, डाउनलोडला उतरवणे असे सुटसुटीत शब्द असताना ते वापरायला लाज का वाटावी? चार वर्षं वापरा, रुळतील. "संगणक" हा शब्दही कधीकाळी हास्यास्पदच वाटला होता.

---

तिखटमीठ – मंगळ, दुपारी ३:२०

आमच्या आत्याला मी लिहून दिलं होतं, "आधी धारिका उतरवून घ्या." तिने फोन करून विचारलं, मीठमोहऱ्या घेऊ का?

---

नाशिकची मिरची – मंगळ, दुपारी ३:२२

फुटले =)) लॅपटॉपला लागलेली दृष्ट निघाली का मग?

---

तिखटमीठ – मंगळ, दुपारी ३:२५

निघाली. चालू झाला. आता तिला दुसरं काही पटत नाही.

---

शब्दवेल्हाळ – मंगळ, दुपारी ३:५१

हसा. मी मुद्द्याचं बोलतोय.

---

पळसपान – मंगळ, सायंकाळी ५:१०

शब्दवेल्हाळ, तुमचं चुकत नाहीये, फक्त जागा चुकतेय. मेनूचं मराठीकरण व्हायलाच हवं आणि तिथे धारिका की फाइल हे भांडणही व्हावं. पण पुस्तिकेचं काम पडद्यावरची वस्तू बोटाने दाखवण्याचं. पडद्यावर "सेव्ह" लिहिलं असेल आणि पुस्तिकेत "जतन करा" असेल, तर वाचणारा "जतन" शोधत बसतो. बटणावर जे आहे तेच लिहा, आणि त्याच्या भोवतीचं वाक्य मात्र घरात बोलतो तसं मराठी असू द्या. "सदर पर्यायाची निवड केल्यानंतर प्रक्रिया कार्यान्वित होते" असलं नको, ते वाचून इंग्रजी परवडलं असं वाटतं.

---

संपादक मंडळ – मंगळ, सायंकाळी ६:००

परिभाषेवरच्या पुढच्या प्रतिसादांसाठी वेगळा धागा काढावा. आत्याबाईंचे किस्सेही तिकडेच.

---

डोळस – मंगळ, रात्री १०:२७

सगळा धागा वाचला. मला वाटतं तुम्ही चुकीच्या जागी मलम लावताय.

चिंचोकांनी व्यनिने (खाजगी निरोपाने) पुस्तिका पाठवली, ती चाळली. पान १२ वर ठळक चौकटीत आहे: "भाषा मराठी निवडण्यास विसरू नये, अन्यथा निरर्थक इंग्रजी अक्षरे मिळतील." बरोबर आहे, टेसरॅक्टला भाषा सांगितली नाही तर ते इंग्रजी धरून चालतं आणि आपल्या वेलांट्या-उकारांतून कायच्या काय रोमन अक्षरं काढतं. पण चिंचोका, तुमचं सॉफ्टवेअर मराठी पुस्तकांसाठीच आहे ना? मग मराठी आधीच निवडलेली ठेवा की! एका ओळीचा बदल आणि ती चौकट गायब.

पान १५: "फोल्डरच्या नावात मोकळी जागा नसावी." का नसावी? माणूस फोल्डरला "वाचनालय जुने अंक" असंच नाव देणार. तो दोष तुमच्या प्रोग्रॅमचा आहे. पान १९: "मराठीची प्रशिक्षित फाइल वेगळी आणून योग्य जागी ठेवावी." ती सोबतच द्या.

"विसरू नये", "काळजी घ्यावी", "लक्षात ठेवावे" हे शब्द पुस्तिकेत शोधा. माझ्या मोजणीत सतरा ठिकाणी आहेत. प्रत्येक ठिकाणी कोडमधला एकेक आळस तुम्ही वापरणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलाय.

---

चिंचोका – मंगळ, रात्री १०:४१

...

---

चिंचोका – मंगळ, रात्री ११:५८

हे वाचून सव्वा तास गप्प बसलो होतो. सतरा नाहीत, एकोणीस आहेत. मराठी आधीच निवडलेली ठेवायचा बदल आत्ताच केला, चार मिनिटं लागली. ती चौकट लिहून तिला पिवळा रंग द्यायला मला अर्धा तास लागला होता.

---

जुनाट खोड – बुध, सकाळी ६:१५

डोळस, याला म्हणतात प्रतिसाद. १९७१ च्या मॅन्युअलमधला "बग्स"चा रकाना हेच काम करायचा, असं माझं आपलं मत.

---

कोकणकडा – बुध, सकाळी १०:०३

माझा अनुभव उलट्या बाजूचा. असंच एक सॉफ्टवेअर घेऊन (तुमचं नव्हे) मी दोन शनिवार-रविवार घातले. फोटो काढले, उजेड बदलला, पुन्हा काढले. बाहेर येईना काही. का? तर मी त्याला पणजोबांची रोजनिशी देत होतो. हाताने लिहिलेली. त्यातली निम्मी मोडीत!

छापील मजकूरच वाचता येतो हे त्या लोकांच्या पानावर कुठेही नव्हतं. वैशिष्ट्यं मात्र बावीस होती. काय जमत नाही हे पहिल्या पाच ओळींत लिहा हो. माणूस नाराज होऊन जाईल, पण चार दिवस वाचवून जाईल.

---

चिंचोका – बुध, सकाळी १०:३०

+१. आमच्याकडेही लिहिलेलं नाही. फोटो किती स्पष्ट हवा तेही नाही. टेसरॅक्टवाले किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) सांगतात, पण मोबाइलवाल्याला डीपीआय म्हणजे काय सांगणार? "फोटो मोठा करून पाहिल्यावर अनुस्वार नीट दिसला पाहिजे" असं लिहितो.

---

बंड्या_थर्ड_इयर – बुध, दुपारी १२:१५

व्हिडिओच करा ना सर. वाचतं कोण आजकाल?

---

पळसपान – बुध, दुपारी १२:४०

ओसरींचा प्रकल्प संस्थेचा आहे, तिथे माणसं आहेत. तिघांच्या फावल्या वेळात व्हिडिओ पेलत नाही. बटणाची जागा बदलली की लिखाणात एक ओळ बदलते, व्हिडिओ मात्र पुन्हा करावा लागतो. स्क्रीनशॉटही मोजकेच, जिथे माणूस घाबरतो तिथे द्यायचे.

---

चिंचोका – (तीन आठवड्यांनी) रवि, रात्री ९:०५

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं घडलं.

त्या फोनवरच्या ग्रंथपाल बाईंकडे मिरजेला गेलो. आधीच कबूल केलं की तुमची परीक्षा नाही, माझी आहे. त्या वाचनालयाच्या संगणकावर, मी मागे खुर्चीत, हातात चहा. पाळायचा नियम एकच: तोंड उघडायचं नाही. मंडळी, आयुष्यात इतका अवघड चहा प्यायलो नाही.

पहिलाच दणका. आमचं सॉफ्टवेअर जिथे ठेवलंय त्या पानावर एक मोठं हिरवं बटण आहे. बाईंनी ते दाबलं. कुणीही दाबेल, पानावर तेवढंच एक ठसठशीत आहे. त्यातून सोर्स कोडची झिप आली. उघडली तर आत आमच्या कोडच्या फाइली. त्यांनी एकेक उघडून पाहिली, दहा मिनिटं. मी चहा. शेवटी त्या म्हणाल्या, "यात इंग्रजी फार आहे." खरी इन्स्टॉल करायची फाइल उजवीकडे बारीक अक्षरात असते. तीन वर्षांत माझ्या ते कधी मनातच आलं नव्हतं, कारण मला हिरवंच बटण लागतं!

मग खरी फाइल मिळाली, ती चालवली, तर विंडोजने निळा पडदा दाखवला, हे सॉफ्टवेअर अनोळखी आहे म्हणून. बाईंनी लगेच बंद केलं. अगदी योग्य केलं. बँकेचे मेसेज वाचून वाचून आपण लोकांना हेच शिकवलंय. त्या मागे वळून म्हणाल्या, "व्हायरस होता हो, वाचले." एवढ्यावर मात्र मी नियम मोडला.

पहिलं पान वाचून मजकूर यायला सत्तेचाळीस मिनिटं. पण मजकूर आला तेव्हा बाई उठून शिपाईदादांना बोलावून आल्या, "बघा, हे छापलेलं आता इथे खोडता येतं."

घरी येऊन चाळीस पानं बाजूला ठेवली. एक पान लिहिलं:

"हे सॉफ्टवेअर छापील मराठी पानाच्या फोटोतून मजकूर काढतं. हस्ताक्षर आणि मोडी याला वाचता येत नाही.
१. या पानावरच्या हिरव्या बटणाला हात लावू नका. ते आमच्यासाठी आहे. तुमची फाइल या दुव्यावर आहे.
२. ती उघडल्यावर निळी चौकट येईल. विंडोज आम्हाला ओळखत नाही, म्हणून विचारतं. आमच्यावर भरवसा असेल तरच 'मोअर इन्फो' बटण दाबा, मग 'रन एनीवे'. फाइल दुसरीकडून घेतली असेल तर इथेच थांबा.
३. सोबत एका जुन्या पानाचा फोटो दिला आहे. आधी तोच उघडा आणि 'वाचा' दाबा.
४. उजवीकडे मजकूर दिसला? झालं. आता तुमचं पान."

परवा दुसऱ्या एका वाचनालयात हे पान देऊन बसलो. बारा मिनिटं. त्यातली तीन वीज गेल्याची.

डोळस, एकोणीसपैकी चौदा "विसरू नये" कोडमध्ये मिटवले. पळसपान ताई, उरलेल्या पानांतून कृती आणि कोश वेगळे काढतोय. मिरची, इतिहास खरंच शेवटी टाकला.

---

नाशिकची मिरची – रवि, रात्री ९:१२

"हिरव्या बटणाला हात लावू नका. ते आमच्यासाठी आहे." दंडवत घ्या.

---

डोळस – रवि, रात्री ९:४०

उरलेले पाच?

---

चिंचोका – रवि, रात्री ९:४२

दोन आळस, तीन खरोखर अवघड.

---

खडूफळा – सोम, सकाळी ६:५०

तुमच्या पानावरून काल रात्री करून पाहिलं. जुना अंक वाचला, छान वाचला. पण पायरी २ मध्ये "मोअर इन्फो बटण" लिहिलंय. माझ्या पडद्यावर त्या नावाचं बटण नव्हतं. बराच वेळ शोधलं. ती अधोरेखित ओळ आहे, वाक्याच्या शेवटी. बटण एकच दिसतं, ते "डोंट रन".

---

चिंचोका – सोम, सकाळी ७:३०

गुरुजी, बरोबर. दुरुस्त केलं. योगदान देणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालू का?

---

खडूफळा – सोम, सकाळी ७:४४

मी कोडची एक ओळ लिहिलेली नाही.

---

चिंचोका – सोम, सकाळी ७:४५

म्हणूनच.

---

वाचनालय_मिरज – सोम, दुपारी ४:२०

नमस्कार, मी त्याच ग्रंथपाल बाई. खास हे लिहायला खातं उघडलं. एका जुन्या मासिकाची आठ पानं झाली. आमचे शिपाईदादा फोटो काढतात, मी वाचून घेते. दोन शंका. एक म्हणजे "दुसऱ्या" मधला ऱ्य प्रत्येक वेळी चुकतो, तो सगळीकडे एकदम बदलता येतो का? आणि दुसरी, मजकूर उजवीकडे दिसतो इथवर तुमच्या पानावर आहे. तो पेनड्राइव्हवर कसा न्यायचा ते नाही. मी आठही पानं बघून वहीत उतरवून घेतली आहेत.

---

चिंचोका – सोम, दुपारी ४:२६

बाई, वही खाली ठेवा. फोन करतो.